कोंदणाची गोष्ट: सराफ बाजारात खडे बसवायला शिकताना

आजचा एपिसोड एका शब्दापासून सुरू करते. जडणघडण. शाळेच्या निबंधात आपण सगळ्यांनी हा शब्द वापरलाय. माझ्या जडणघडणीत आईवडिलांचा वाटा, गुरुजनांचा वाटा, वगैरे. मी तर दहावीपर्यंत दरवर्षी लिहिलाय. पण यात दोन वेगळी कामं आहेत, हे मला सराफ बाजारात जाईपर्यंत सुचलं नव्हतं. घडण म्हणजे सोनं ठोकून, ओढून, वळवून त्याला आकार देणं. म्हणून तर बिलात 'घडणावळ' लावतात. आणि जडण म्हणजे त्या घडलेल्या सोन्यात खडा पक्का बसवणं. कामं दोन, आणि बऱ्याचदा माणसंही दोन. एक घडवतो, दुसरा जडवतो.

दुसरा शब्द कोंदण. 'डोंगरांच्या कोंदणात वसलेलं गाव' असं आपण पर्यटनाच्या प्रत्येक लेखात वाचतो. कोंदण म्हणजे खड्याभोवतीचं सोन्याचं घर. खडा ज्यात बसतो ते. आजचा सगळा एपिसोड या घराबद्दल आहे, कारण दागिना बघताना आपण खडा बघतो आणि घराकडे कोणी बघतच नाही. मग एक दिवस खडा पडतो, किंवा घरात कोणीतरी म्हणतं, 'आजीची अंगठी मोडून नवीन करू या.' तेव्हा सगळा खेळ कोंदणाचा असतो.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगते, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. बीटेक केलं, नोकरी लागली, आता नाशिकमध्ये घरूनच काम करते. गेलं दीड वर्ष दर शनिवारी सराफ बाजारातल्या एका कारखान्यात खडे बसवायला शिकते. कारखाना म्हणजे मोठी शेड वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावरची दहा बाय बाराची खोली, चार बुटकी टेबलं, चार दिवे. पहिल्या मजल्यावर का? कारण गोदावरी. नाशिककरांना सांगायला नको. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं, यावरून इथे पूर मोजतात. २०१६ आणि २०१९ च्या पुरात सराफ बाजारात पाणी शिरलं होतं. त्यामुळे बारीक माल आणि मशिनं वरच ठेवलेली बरी, असं तिथे सगळे सांगतात.

शिकवणारे दादा मूळचे बंगालचे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, बारीक काम करणारे बरेच हात बंगालमधले असतात. दादा वीसेक वर्षं इथे आहेत. मराठी सगळी समजते, बोलताना बंगाली, हिंदी आणि मराठी अशी मिसळ होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक वाक्य सांगितलं, 'दीदी, खडा नाही बघायचा, सोना बघायचा. खडा कुठे जाणार नाही. सोना हलला की खडा गेला.'

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ.

पहिले दोन महिने मला खरा खडा हातातच मिळाला नाही. तांब्याची पट्टी आणि काचेचे खडे. सुरुवात होते सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात साध्या पद्धतीपासून. तिला कॅटलॉगमध्ये बेझल म्हणतात. खड्याच्या घेराएवढी धातूची पातळ पट्टी वळवायची, टोकं जुळवून डाग द्यायचा, म्हणजे सोल्डर करायचं. खाली खडा टेकायला एक छोटी पायरी ठेवायची. खडा आत ठेवायचा आणि पट्टीची वरची कड चहूबाजूंनी खड्यावर ढकलायची. झालं.

ऐकायला सोपं आहे. यातली गंमत त्या 'चहूबाजूंनी'मध्ये आहे. एका बाजूने सुरू करून गोल गोल दाबत गेलं, तर शेवटी एका ठिकाणी जास्तीचा धातू गोळा होतो आणि तिथे चुणी पडते. पुऱ्या लाटताना कड दुमडते ना, तशी. म्हणून आधी घड्याळातला बारा, मग सहा, मग तीन, मग नऊ. नंतर त्यांच्या मधले बिंदू. समोरासमोर, थोडं थोडं. गाडीचं चाक बदलताना नट कसे आलटून पालटून आवळतात, अगदी तोच हिशोब. शेवटी गुळगुळीत पोलादी सळईने कड घासून खड्याला चिकटवायची.

आपले जुने दागिने बघा, त्यातले खडे बहुतेक या प्रकारचे, बंद कोंदणात असतात. कारण सोपं आहे. हे घर खड्याला सगळीकडून धरतं. कपड्यात अडकत नाही, कड झिजायला अनेक वर्षं लागतात. मऊ खड्यांसाठी तर हेच योग्य. खड्यांचा कठीणपणा मोजायची एक पट्टी असते, मोह्स स्केल. तिच्यावर हिरा १०, माणिक आणि नीलम ९, पुष्कराज ८, पाचू साडेसात ते ८. पोवळं मात्र ३-४ आणि मोती त्याच्याच आसपास, म्हणजे एकदम मऊ. आणि आपल्या घरातल्या साध्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांचा कठीणपणा ७. म्हणजे ७ च्या खालचा कुठलाही खडा नुसत्या धुळीच्या फडक्यानेसुद्धा हळूहळू धूसर होतो. पोवळ्याची अंगठी दहा वर्षांनी मंद का दिसते, याचं उत्तर मिळालं ना?

पोवळ्यावरून आठवलं. नाशिक-त्र्यंबक पट्ट्यात ग्रहांच्या अंगठ्यांना मागणी भरपूर आहे आणि तिथे गिऱ्हाईकाची अट ठरलेली, खडा अंगाला लागला पाहिजे. ग्रहांचं ग्रहांपाशी, मी त्यात पडत नाही. पण कारागिराच्या दृष्टीने ही एक तांत्रिक मागणी आहे. वरून कोंदण बंद, खालून उघडं, आणि खडा खालच्या बाजूने बोटाला टेकेल इतका खोल बसवायचा. खालची पायरी अगदी अरुंद ठेवावी लागते. मला हे काम फार आवडतं. ग्राहकाची विचित्र रिक्वायरमेंट आणि त्यातून निघणारं सुंदर डिझाइन. ऑफिसमध्ये असं फार क्वचित होतं.

मोत्याचं प्रकरण त्याहून वेगळं. नथ घ्या. नथीतला माणिक किंवा हिरवा खडा कोंदणात असतो, पण मोत्यांना कोणी बाहेरून पकडत नाही. भोक पाडून सोन्याच्या तारेत ओवतात आणि तार पिळून बसवतात. सात मोत्यांच्या कुड्या, चिंचपेटी, तन्मणी, सगळीकडे ही तारेची करामत आहे. वर्षानुवर्षं वापरून तार झिजते. त्यामुळे जुन्या नथीचा मोती सुटला, तर गुन्हेगार बहुतेक वेळा ती तार असते.

आता प्राँग. सोन्याची चार किंवा सहा बोटं वर येतात आणि खड्याला कडेने धरतात. साखरपुड्याच्या अंगठीत जे दिसतं ते. टिफनी कंपनीने १८८६ साली सहा प्राँगची अंगठी आणली. तिने हिरा सोन्याच्या पट्टीतून वर उचलून धरला आणि आज जगभरात हिऱ्याची अंगठी म्हटलं की तेच चित्र डोळ्यांपुढे येतं. यात खडा जास्तीत जास्त दिसतो, धातू कमीत कमी दिसतो. पैलू पाडलेल्या हिऱ्याचं तंत्र असं की वरून शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर आपटून परत वर येतो. त्या खालच्या पैलूंवर साबण, क्रीम, कणकेचा थर बसला की चमक जाते. प्राँगमध्ये पाठ उघडी असल्यामुळे जुन्या मऊ ब्रशने आतपर्यंत साफ करता येतं.

पण किंमत मोजावी लागते. खडा फक्त चार बिंदूंवर उभा असतो. शिकताना यातलं सगळ्यात नाजूक काम म्हणजे प्रत्येक प्राँगच्या आतल्या बाजूला खाच पाडणं, जिच्यात खड्याची कड बसते. खाच किती खोल? प्राँगच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश, फार तर निम्मी. त्याहून खोल गेली तर ते बोट तिथेच कमजोर झालं, पुढे कधीतरी तुटणार. उथळ राहिली तर खडा नुसता टेकलेला असतो, धरलेला नसतो. शिवाय चारही खाचा एकाच उंचीवर हव्यात, नाहीतर खडा तिरका बसतो. एक-दोन केसांचा फरक आणि डोळ्याला लगेच कळतो. इथे कंट्रोल झेड नाही. कोरलेलं सोनं परत येत नाही.

आणि सोनं कुठलं, हाही प्रश्न आहेच. बावीस कॅरेट म्हणजे ९१६, ते मऊ. बारीक बोटं त्यात केली तर वाकतात. म्हणून हिऱ्यांचे दागिने बहुधा अठरा कॅरेटमध्ये, म्हणजे ७५० मध्ये, किंवा चौदामध्ये करतात. 'अठरा कॅरेट देऊन फसवलं' असं काकूंचं म्हणणं प्रत्येक लग्नात ऐकायला मिळतं. काकू, बिलात अठराचाच भाव लावला असेल तर फसवलेलं नाही. खडा पडू नये म्हणून आहे ते.

बाकीचे प्रकार पटकन सांगते. चॅनल म्हणजे दोन सोन्याच्या भिंती, मधे रुळावर डबे लागावेत तशी खड्यांची ओळ, भिंतींना आतून खाच. दिसायला स्वच्छ, पण एक खडा गेला तर बदलणं डोकेदुखी. पाचूसारखा आतून तडे असलेला खडा ठोकाठोकीत टिकत नाही, म्हणून दादा पाचूला चॅनलमध्ये हात लावत नाहीत. फ्लश म्हणजे सोन्याला भोक पाडून खडा पृष्ठभागाच्या पातळीला बुडवायचा आणि भोवतीची कड घासून त्यावर आणायची. पुरुषांच्या अंगठ्यांमध्ये बऱ्याचदा हेच असतं. आणि इन्व्हिजिबल, ज्यात वरून धातू दिसतच नाही. खड्यांच्याच कडेला खाचा पाडून ते खालच्या जाळीवर सरकवतात. व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या फ्रेंच कंपनीने १९३३ साली त्याचं पेटंट घेतलं. हे मी फक्त फोटोत बघितलंय.

पावे मात्र रोज बघते, कारण मालाला मागणी त्याचीच. दीड-दोन मिलिमीटरचे खडे एकमेकांना खेटून, जणू फरसबंदी केलेली. वेगळी बोटं जोडत नाहीत. पृष्ठभागावरचंच सोनं धारदार कलमाने उकरून त्याचा बारीक कण वर उचलतात, तो खड्यावर ढकलतात आणि अवजाराने त्याला गोल मणी करतात. एका खड्याला तीन-चार मणी, एका पेंडंटमध्ये शंभर खडे. दादा सकाळी बसले की दुपारी जेवायलाच उठतात. मजुरी नगावर, म्हणजे दर खड्यामागे ठरलेली. खडा तुटला तर काय, हा प्रश्न मी एकदा विचारला. 'महाग असेल तर आपला,' दादा म्हणाले. म्हणजे भरपाई त्यांच्या खिशातून.

आता मी ज्या विषयासाठी हा एपिसोड करतेय, तो. कुंदन आणि जडाव.

जयपूर, बिकानेरकडचं हे काम. सोन्याच्या पोकळ घरात लाख भरतात, तिच्यावर खडा ठेवतात आणि खड्याच्या भोवती चोवीस कॅरेट सोन्याचे पातळ वर्खासारखे पट्टे पोलादी अवजाराने दाबत जातात. डाग नाही, ज्योत नाही. शुद्ध सोन्यावर ऑक्साइडचा थर बसत नाही. त्यामुळे स्वच्छ पट्टे एकमेकांवर जोरात दाबले की ते उष्णतेशिवायच एकजीव होतात. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याला कोल्ड वेल्डिंग म्हणतात आणि अंतराळयानांच्या संदर्भात त्याची चर्चा होते. आपल्याकडचे कारागीर ते शेकडो वर्षं मांडी घालून करतायत.

यात खड्याची पाठ पूर्ण बंद. मग चमक कुठून येते? खड्याखाली चांदीचा किंवा रंगीत, चकचकीत, कागदासारखा पातळ पत्रा ठेवतात. त्याला डांक म्हणतात. जुने खडे बऱ्याचदा चपटे असतात, त्यांना खालचे खोल पैलू नसतात. ते स्वतःहून प्रकाश परत पाठवू शकत नाहीत. ते काम डांक करतो. यात फसवणूक नाही. युरोपातसुद्धा अठराव्या शतकातल्या दागिन्यांमध्ये खड्यांमागे असा पत्रा असायचा.

आता आमच्या घरातली गोष्ट. माझ्या आजीची एक अंगठी आहे, तिच्या लग्नातली. मधे मोठा लाल खडा, भोवती सहा पांढरे. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, सोन्याचा भाव तुम्ही बघताय, आणि आईने हिशोब मांडला. आजीच्या अंगठीतला लाल खडा काढायचा, नव्या फॅशनच्या चार प्राँगच्या अंगठीत घालायचा. जुनं सोनं मोडीत द्यायचं. खर्च निम्म्यावर. हिशोब म्हणून बिनचूक होता. आजीही 'करा काय करायचं ते' म्हणाली.

मी अंगठी दादांकडे नेली. त्यांनी ती आधी उलटी केली. मग भिंगातून कडेने बघितली. म्हणाले, 'पाठ बंद आहे. हा खोलला तर लाल राहणार नाही.' मला पटकन कळलं नाही. मग त्यांनी ड्रॉवरमधून तसाच एक जुना, सुटा, चपटा खडा काढला आणि पांढऱ्या कागदावर ठेवला. फिकट गुलाबी. रोझ सरबतात बर्फ वितळल्यावर जो रंग उरतो ना, तसा. मग तोच खडा एका चकचकीत लाल पत्र्याच्या तुकड्यावर ठेवला, आणि तो पेटला. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. मी व्हिडिओ काढला.

घरी व्हिडिओ दाखवला. आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, 'म्हणजे इतकी वर्षं आपण पत्र्याचा रंग बघत होतो?' त्यावर आजी म्हणाली, 'पत्रा पण आमच्याच पैशाचा होता.'

वाद मात्र आठवडाभर चालला. आईचं म्हणणं, खडा एवढा फिकट असेल तर तो ठेवून तरी काय करायचं? बहिणीला नवीन अंगठी हवी होती आणि ती तसं स्पष्ट म्हणाली, त्यात चूक काही नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की या अंगठीत खडा आणि घर वेगळे करता येत नाहीत. सुटा केला तर हातात उरेल फिकट खडा, थोडं सोनं आणि काळा पडलेला पत्रा. आपण जे विकू किंवा मोडू म्हणतोय, ती वस्तू त्या क्षणी नाहीशी होईल. शेवटी असं ठरलं की बहिणीसाठी बिनखड्याची साधी अंगठी नवीन करायची आणि आजीची अंगठी तिला तशीच द्यायची. एका पांढऱ्या खड्याची कड सैल झाली होती, ती दादांनी दाबून दिली. पंधरा मिनिटांचं काम. लग्नात तिने दोन्ही घातल्या.

खडा जुन्या घरातून काढून नव्यात घातला की काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या जिल्ह्याचंच नाव लावून जगभर फिरतंय. नासक हिरा. नासक म्हणजे नाशिक, इंग्रजांच्या तोंडचं. हा हिरा त्र्यंबकेश्वरच्या देवस्थानचा होता, असं सांगितलं जातं. पुढे तो पेशव्यांकडे गेला आणि १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा पराभव झाल्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात पडला. तेव्हा वजन सुमारे ९० कॅरेट. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणजे जवळपास अठरा ग्रॅम, आपल्या भाषेत दीड तोळ्याचा एक हिरा. लंडनमध्ये रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी तो नव्याने कापला, तेव्हा ७८ कॅरेटच्या आसपास उरला. १८३७ मध्ये लिलावात तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसकडे गेला आणि त्यांनी तो तलवारीच्या मुठीत बसवला.

मग अमेरिका. तिथे १९२० च्या दशकाच्या शेवटी त्याच्यावर चक्क आयातकराचा खटला झाला. ही प्राचीन कलावस्तू मानायची, की दागिन्यात वापरता येईल असा, पैलू पाडलेला पण न जडवलेला हिरा? कलावस्तू ठरली तर कर नाही. शेवटी कोर्टाने दुसरी बाजू घेतली. म्हणजे देवळातून निघालेला हिरा कायद्याच्या कागदावर 'न जडवलेला' म्हणून नोंदला गेला. १९४० मध्ये हॅरी विन्स्टन या न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्याने तो घेतला आणि पुन्हा कापला, चौकोनी. वजन ४३.३८ कॅरेट. नंतर तो अंगठीतही बसला. कापण्याने तो जास्त झगझगीत आणि निर्दोष झाला, यात शंका नाही. हिरे विकणाऱ्याच्या दृष्टीने सौदा बरोबर होता. पण त्र्यंबकला जो खडा होता, त्यातला निम्म्याहून जास्त भाग आज कुठेच नाही. लोक 'हिरा परत आणा' म्हणतात तेव्हा मला दर वेळी वाटतं, नक्की कुठला?

असो. विषयावर येते.

जडावाच्या दागिन्यांबद्दल एक कामाची गोष्ट. १६ जून २०२१ पासून ठरावीक जिल्ह्यांमध्ये सोन्याला हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून त्यावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी लागतो. पण कुंदन, पोलकी आणि जडाव यांना या सक्तीतून सूट आहे. त्यांच्यात चोवीस कॅरेटचे पट्टे, कमी कॅरेटचं घर, लाख, खडे, सगळं एकत्र असतं. म्हणजे जिथे सोनं ओळखणं सगळ्यात अवघड, तिथेच शिक्का नसला तरी चालतं. म्हणून असा दागिना घेताना बिलात निव्वळ सोन्याचं वजन, खड्यांचं वजन आणि लाखेचं वजन वेगळं लिहून मागा. लाज वाटू देऊ नका. लाखेचे पैसे सोन्याच्या भावाने द्यायची काही गरज नाही. आणि घरी आणल्यावर तो गरम पाण्यात किंवा अल्ट्रासॉनिक मशिनमध्ये अजिबात टाकू नका. लाख मऊ होते, पाणी आत गेलं की डांक काळा पडतो, आणि गेलेली चमक परत येत नाही. मोत्यांनाही ते मशिन नको.

प्राँगच्या अंगठीसाठी दोन घरगुती तपासण्या. एक, अंगठी कानाजवळ धरून नखाने हलकेच टिचक्या मारा. खडा सैल असेल तर बारीक खडखड ऐकू येते. दोन, पातळ ओढणीवरून किंवा जुन्या मोज्यावरून फिरवा. धागा अडकला तर एखादं बोट वर उचललंय. दोन्हीपैकी काहीही आढळलं तर अंगठी काढून डबीत ठेवा आणि खडे बसवणाऱ्याकडे न्या. दुकानातल्या काउंटरवर नाही, जमल्यास थेट बसवणाऱ्याकडे. तो तुमच्या समोर पाच मिनिटांत सांगतो.

प्रश्न फक्त असा की तो सापडेल का. दादांचा मुलगा बंगालमध्ये बीकॉम करतोय. त्याला हे शिकायचं नाही आणि दादांनाही त्याला शिकवायचं नाही. त्यांचे डोळे आता जवळचं धरत नाहीत. शेजारच्या टेबलावरचा मुलगा मायक्रोस्कोपवर त्यांच्या दुप्पट वेगाने पावे करतो. मोठ्या कारखान्यांमध्ये तर मेणाच्या साच्यातच खडे बसवतात आणि वरून सोनं ओततात. हिरा आणि अमेरिकन डायमंड ती उष्णता सहन करतात. सगळं एका फटक्यात. मला यात वाईट वाटत नाही, मालाचा भाव कमी होतो, चांगलंच आहे. पण पाठ बंद असलेली जुनी अंगठी उलटी करून, भिंगातून कडेने बघून, 'हा खोलू नका' असं सांगायला त्या मशिनला कोणी शिकवलेलं नाही.

दादांनी मला एकदा विचारलं होतं, दीदी, तुम्ही हे शिकून करणार काय? नोकरी तर चांगली आहे. मी सांगितलं, दुकान टाकणार नाही, एवढं नक्की. सध्या मी चांदीत बेझल नीट करते आणि चार प्राँग दादांनी तपासल्याशिवाय बाहेर जात नाहीत. पावेला हात बसायला अजून वर्ष जाईल, असं ते म्हणतात. मी दोन धरलीयेत. आजीच्या अंगठीसारखं जडावाचं काम मात्र दादांनाही येत नाही, ते फक्त दुरुस्ती करतात. ते शिकायचं तर जयपूर गाठावं लागेल, आणि माझ्या मॅनेजरला अजून मी हे सांगितलेलं नाही. तो हा पॉडकास्ट ऐकत असेल तर, नमस्कार सर.

मंडळी, तुमच्याकडे एक काम आहे. घरातल्या जुन्या अंगठीचा, कुडीचा, पेंडंटचा फोटो मला पाठवा. पण पुढून नको. उलटा करून, मागच्या बाजूचा. पाठ बंद आहे की उघडी, एवढं दिसलं तरी पुरे. निवडक फोटो मी शनिवारी दादांना दाखवेन आणि ते काय म्हणाले ते पुढच्या एपिसोडमध्ये सांगेन. भेटू.